पऱ्हाटीपासून पाणी शुद्ध करायचा कार्बन: गावपातळीवर जमेल का?

काळीमाती

रामराम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. कापूसवाला. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत परवा एक विषय निघाला, रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि निकाल काही लागला नाही. म्हणून इथे टाकतो.

कापूस वेचून झाला की पऱ्हाटीचं (कापसाच्या उभ्या वाळल्या झाडांचं) काय करायचं हा दरवर्षीचा घोळ. गुलाबी बोंडअळी आल्यापासून फरदड (हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवरचा कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी खातं कानीकपाळी ओरडतं. त्यात चूक काही नाही, अळी त्यातच दडी मारून बसते. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. थोडी चुलीत जाते, थोडी ब्रिकेटवाला (जळणाच्या विटा दाबणारा) उचलतो (त्या भावात उपटायची मजुरीही निघत नाही), उरलेलीला काडी.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघा-तिघांनी दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रमात कोळसा पाडून पाहिला. ड्रमाच्या बुडाला भोकं, पऱ्हाटीचे वीतभर तुकडे उभे भरायचे आणि वरून पेटवायचं. आधी दाट पांढरा धूर येतो, तो ओलीचा. मग पिवळट, डोळ्यांत झोंबणारा. तो विरून निळसर झाला की ड्रम खाली मातीत बसवायचा, भोकं लिंपायची आणि वर झाकण ठेवून कडा शेणमातीनं बंद. दुसऱ्या दिवशी उघडलं तर कांड्या अख्ख्याच्या अख्ख्या, हातात वजन नाही आणि एकमेकींवर आपटल्या की टण्ण वाजतात. शंभर किलो वाळल्या पऱ्हाटीमागे पंचवीस किलोच्या आसपास पडला.

आता बैठकीतला प्रश्न. आमच्यातला एक पोरगा म्हणतो, हाच कोळसा कुटून फिल्टरमध्ये भरा, गावातलं हापशीचं पाणी शुद्ध होईल, लोक आरओचे जार विकत आणतात ते बंद होतील. दुसरा म्हणतो, त्याला 'अ‍ॅक्टिव्हेट' करावं लागतं, ते कारखान्याचं काम. तिसरा म्हणतो, विकायचंच असेल तर घेणार कोण? जाणकारांनी सांगावं.

जुना_केमिस्ट

काळीमाती भाऊ, तुमचा दुसरा माणूस बरोबर बोलतोय. मी नागपूरला राहतो, नोकरीतली बरीच वर्षं गाळणी, रेझिन आणि कार्बनच्या टाक्यांमध्ये गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या ड्रमात जे झालं ते कार्बनीकरण. चार-पाचशे अंशांवर लाकडातलं पाणी आणि वायू निघून गेले, डांबर जमेल तेवढं उडालं, मागे कार्बनचा सांगाडा राहिला. त्यात छिद्रं तयार झालेली असतात, पण बरीचशी त्याच डांबरानं बुजलेली. पाण्यातली घाण त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटायला हवी, आणि भिंती झाकलेल्या असतील तर ती चिकटणार कशाला? साध्या कोळशाची पाणी साफ करायची ताकद बेताची असते ती यामुळे.

सक्रिय करणं म्हणजे ही छिद्रं उघडायची आणि आणखी नवी कोरायची. त्याच्या दोन वाटा. एक वाफेची: कोळसा ८५० ते ९५० अंशांवर नेऊन त्यावर वाफ सोडायची. वाफ कार्बनला खाते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतात, आणि जिथे खाल्लं तिथे पोकळी होते. दुसरी रसायनाची: कच्चा भुसाच फॉस्फोरिक आम्लात भिजवायचा, वाळवायचा, ४५० ते ५०० अंशांवर भाजायचा आणि मग आम्ल धुऊन काढायचं. झिंक क्लोराइड आणि कॉस्टिक पोटॅशही वापरतात.

चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर पुडीत जवळजवळ दहा गुंठे. तुमच्या ड्रमातल्या कोळशात त्याचा काही हिस्साच भरेल.

बाजारात हे मोजतात 'आयोडीन नंबर'वर. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, तो आकडा. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन ८०० ते ११०० च्या घरात असतो. ड्रममधला कोळसा शंभर-दोनशे, फार तर तीनशे. ही चाचणी आयएस ८७७ या भारतीय मानकात दिली आहे आणि बऱ्याच खासगी प्रयोगशाळा ती करून देतात. तुमचा कोळसा एकदा तपासून घ्या, निम्मा वाद तिथेच मिटेल.

काळीमाती

सर, लय बेस सांगितलं. मग वाफ सोडायची सोय ड्रमलाच केली तर? आमच्याकडे एक वेल्डर आहे, हुशार आहे.

जुना_केमिस्ट

वेल्डर कितीही हुशार असो, हे करू नका. नऊशे अंशांना साधा पत्रा लालभडक होऊन वाकतो. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन आणि जीवघेणा. सोबतचा हायड्रोजन हवेत मिसळून पेटला तर स्फोट. कारखान्यात फिरती भट्टी असते, आतून अग्निरोधक विटा लावलेली, आणि निघालेला वायू तिथेच जाळून त्याच उष्णतेवर पुढचा घाणा चालतो. ते तंत्र अवघड नाही, पण शेतात ड्रमवर करायचं नाही.

फॉस्फोरिकची वाट कमी तापमानाची म्हणून सोपी वाटते. तिथे अडतं ते धुलाईत. भाजल्यानंतर कार्बनात आम्ल उरतं, ते गरम पाण्यानं परत परत धुवावं लागतं. ते आम्ल परत मिळवून पुन्हा वापरलं तरच धंद्याचं गणित बसतं. आणि ते धुण्याचं पाणी नाल्यात सोडलंत तर पाणी शुद्ध करायला निघालेले तुम्हीच नाल्याचे गुन्हेगार.

पीएचडी_सुटेना

सरांना अनुमोदन, आणि थोडी घरातली धुणी. शेतकचऱ्यापासून कार्बन या विषयावर शोधनिबंधांचा महापूर आहे. भाताचं तूस, शेंगांची टरफलं, मक्याच्या कणसाचे दांडे, केळीची सालं, चिंचोके, आंब्याच्या कोयी. झाडाचा असा भाग उरला नाही ज्याचा कुणी कार्बन केला नाही. आणि प्रत्येक निबंधात ९५ ते ९९ टक्के प्रदूषक निघालेलंच असतं.

ते निघतं कसं ते ऐका. पन्नास-शंभर मिली शुद्ध केलेलं पाणी, त्यात मिथिलीन ब्लू. हा रंग कार्बनला इतक्या आवडीनं चिकटतो की नापास व्हायचा प्रश्नच नसतो. मग ते शेकरवर काही तास, कधी चोवीस तास हलवायचं. आणि कार्बन सढळ हातानं टाकायचा. खऱ्या सांडपाण्यात मीठ, सोडा, खळ, साबण, दहा प्रकारचे रंग एकत्र असतात, सगळे त्याच जागांसाठी भांडतात आणि पाणी थांबत नाही, वाहत असतं. बाटलीतल्या ९८ टक्क्यांवर कुणी भट्टीसाठी कर्ज काढू नये.

(हे मी माझ्या गाइडसमोर बोलू शकत नाही, म्हणून इथे.)

रंगारी

इचलकरंजीहून. वरच्या भावानं अगदी नेमकं दुखणं पकडलंय. आमच्याकडं कापडाच्या प्रोसेसिंगमधलं पाणी म्हणजे रिॲक्टिव्ह डाय. सुताला नीट न बसलेला रंग पाण्यातच राहतो, आणि त्याचा रेणू मोठा, पाण्यात विरघळून बसलेला. मिथिलीन ब्लूसारखा तो आपणहून येऊन चिकटत नाही. वर रंग बसायला मीठ टाकलेलं असतं ते वेगळंच. कार्बननं रंग उतरला, पाणी पांढरं दिसलं तरी मीठ तसंच. ते शेताला दिलं तर माती खारावते. आमच्याकडच्या काळ्या ओढ्याचं पाणी पंचगंगेत जातं, त्याचं काय होतं हे कोल्हापूर-शिरोळ पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

पण एक गोष्ट सरांना विचारतो. आम्ही एकदा करवंटीचा महागडा दाणेदार कार्बन भरला होता, आयोडीन नंबर हजारच्या वर. रंगावर काही खास चालला नाही. नंतर एका सप्लायरनं लाकडाचा, आम्लावर केलेला पावडर कार्बन दिला. आयोडीन कमी, पण रंग झपाट्यानं उतरला. हे काहून झालं असेल? (काहून हा शब्द काळीमाती भाऊंकडून उसना.)

जुना_केमिस्ट

रंगारी, फार चांगला प्रश्न. करवंटी टणक आणि घट्ट. तिच्यात होतात ती छिद्रं अतिसूक्ष्म, लहान रेणूंसाठी: क्लोरीन, वास, विद्राव्यकं. म्हणून पिण्याच्या पाण्यात तिचंच राज्य. आयोडीनचा रेणूही लहान, म्हणून आकडा हजार. पण तुमचा रंगाचा रेणू त्या दारातून आत शिरतच नाही. लाकडाचा फॉस्फोरिकवर केलेला कार्बन मात्र मध्यम आकाराच्या छिद्रांचा असतो, मोठे रेणू सामावतो. साखर, खाद्यतेल, औषधं, जिथे जिथे रंग उतरवायचा तिथे हाच वापरतात. म्हणून रंगाच्या कामाला आयोडीन नंबर बघून कार्बन घेऊ नये, मिथिलीन ब्लू किंवा मोलॅसिसवरची (साखरेच्या मळीवरची) चाचणी मागावी, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे आपल्याच पाण्यावर मारून बघावं.

आणि यातच काळीमाती भाऊंच्या तिसऱ्या माणसाचं उत्तर आहे. पऱ्हाटी हे लाकूडच आहे. तिची जातकुळी करवंटीपेक्षा रंग उतरवणाऱ्या पावडरीच्या जवळची. गावच्या हापशीवर डोळा ठेवण्यापेक्षा गिऱ्हाईक तिकडे शोधा.

खडूफळा

मी पांढरकवडा भागात शिक्षिका आहे. शाळेच्या बोअरला फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. एका संस्थेचा माणूस येऊन सांगून गेला की कोळशाचा फिल्टर लावा, फ्लोराइड जाईल. हा धागा वाचून शंका आली. जातं का हो खरंच?

जुना_केमिस्ट

नाही ताई. साध्या कार्बननं फ्लोराइड नावापुरतंच जातं. त्या माणसाला दारातूनच परत पाठवा, आणि हे मी रागानं लिहितोय.

पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००, फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. ते काढायला सक्रिय ॲल्युमिना वापरतात, किंवा तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत, जी आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनंच बसवली. केनियात नाकुरूला हाडांचा कोळसा वापरतात आणि तो चालतो, पण त्यात काम करतं ते हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट, कोळसा नव्हे. बहुतेक त्याच कोळशाची गोष्ट कुणीतरी अर्धी ऐकून तुमच्या शाळेपर्यंत आणली असावी. नालगोंडा करायची तर तुरटीचा डोस पाण्यातल्या फ्लोराइड आणि क्षारतेवर ठरतो, अंदाजानं टाकू नका, ॲल्युमिनियम पाण्यात राहतं. सगळ्यात उत्तम म्हणजे जवळपास कमी फ्लोराइडची उथळ विहीर सापडते का बघणं. बोअर जसा खोल खडकात जातो तसं आपल्याकडे फ्लोराइड वाढलेलं सापडतं.

खडूफळा

धन्यवाद सर. विहीर आहे एक, गावाच्या खालच्या अंगाला. पण तिच्याशेजारी गोठे.

जुना_केमिस्ट

मग तिथे नायट्रेट आणि जंतू बघा. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि त्यात सवलत नाही. कार्बन नायट्रेटलाही हात लावत नाही. जंतूंना तर नाहीच. उलट कार्बनच्या थरावर जंतू आनंदानं वाढतात, त्यांना तिथे राहायला जागा आणि खायला अन्न दोन्ही मिळतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. आधी दोन्ही स्रोतांचं पाणी तपासून घ्या.

रंगारी

जंतूंवरून. २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात काविळीची साथ आली होती, पेपरात रोज मोठे मथळे. त्या वेळी घरोघरी लोकांनी कोळशाचे कँडल आणून लावले. काविळीचा विषाणू कोळशाला काय भीक घालतोय! पाणी उकळणारे वाचले.

पुणेरी_नळ

सगळेच नाउमेद करताहेत म्हणून एक उदाहरण. भाताच्या तुसाची राख वापरून घरगुती फिल्टर आपल्याकडे झालेला आहे. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात 'सुजल' नावाचा फिल्टर तयार झाला होता, त्सुनामीनंतरच्या मदतकार्यात वापरला गेला. पुढे २००९ मध्ये त्याच धाग्यावर 'टाटा स्वच्छ' बाजारात आला, विजेशिवाय चालणारा. तेव्हा शेतकचरा आणि पाणी यांचं जमत नाही असं नाही.

पीएचडी_सुटेना

उदाहरण खरं आहे, पण ते सक्रिय कार्बनचं नाही. तुसात राखच १५ ते २० टक्के, आणि ती बहुतेक सगळी सिलिका. त्या फिल्टरमध्ये जंतू मारायचं काम राखेवर बसवलेल्या चांदीच्या नॅनोकणांचं होतं. राख ही त्यांना बसायला जागा. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलवाल्यांना तुसाचा कार्बन करायचा असेल तर त्यांना आधी ही सिलिका आडवी येते. निम्मं वजन वाळूचंच विकायचं म्हटल्यावर आयोडीन नंबर कुठून येणार? सिलिका कॉस्टिकनं वेगळी काढून विकणारेही आहेत, पण तो वेगळा धंदा.

मालवणी_माणूस

करवंटीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आलो. आमच्या सिंधुदुर्गात नारळ आहेत, मग कारखाना का नाही, असं दर निवडणुकीला कोणीतरी म्हणतो. उत्तर सोपं आहे. करवंटी घराघरांत विखुरलेली, आणि न्हाणीच्या चुलीवर तिच्यासारखं जळण नाही. आमची आवस करवंटी कोणाक देवची नाय! गाडी फिरवून प्रत्येक वाडीतून पाच-दहा किलो गोळा करायचं म्हटलं तर डिझेलच जास्त जळेल.

आमच्याकडे एका जागी ढीग लागतो तो काजूच्या टरफलांचा. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे प्रक्रियावाल्यांच्या मागच्या अंगाला डोंगर असतो. त्याचा कोळसा करून बघितलाय. तेल न काढता जाळलं तर असा धूर येतो की शेजारी दगड घेऊन येतात, आणि हाताला चीक लागला तर कातडी सोलवटते. आधी घाण्यातून तेल काढून घ्यायचं, त्याला रंग आणि ब्रेक लायनिंगवाल्यांकडे मागणी आहे, आणि मग उरलेल्या चोथ्याचा कोळसा. पण तो चोथाही आता बॉयलरवाले नेतात.

कोइमतूरकर

मूळचा सांगलीचा, नोकरीनं कोइमतूरला. खरेदी विभागात असल्यानं कार्बनवाल्यांशी रोजचा संबंध. मालवणी भाऊंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. इथे पोल्लाची, कांगेयमकडे हा धंदा उभा राहिला तो खोबरं आणि तेल एकाच पट्ट्यात होतं म्हणून. हजारो नारळ एका अंगणात फुटतात, करवंटी आपोआप ढिगानं मिळते. इथली गणितं अशी: करवंटीचा कोळसा साधारण तीस टक्के पडतो, आणि तीन टन कोळशातून एक टन कार्बन. म्हणजे दहा टन करवंटीला एक टन माल. तुमच्या पऱ्हाटीत हे प्रमाण याहून चांगलं असायचं कारण नाही, शिवाय तिचा ढीग पोकळ आणि हलका. ट्रक भरतो पण वजन भरत नाही, भाडं मात्र पूर्ण.

दुसरी बाजूही सांगतो. इथे उघड्या खड्ड्यांत कोळसा पाडणाऱ्यांच्या धुरावरून आणि कोळसा विझवलेल्या पाण्यावरून गावकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. विहिरीचं पाणी काळं आलं म्हणून लोक रस्त्यावर बसलेले मी पाहिलेत. पाणी शुद्ध करायच्या वस्तूचा हा उगम.

जाता जाता एक: १९१८ मध्ये गॅसमास्कच्या कार्बनसाठी अमेरिकेत लोकांकडून पीचच्या कोयी आणि अक्रोडाची टरफलं गोळा केली होती. शाळकरी पोरं दारोदार फिरायची. कच्चा माल गोळा करणं हीच या धंद्याची पहिली डोकेदुखी, तेव्हाही.

सरळमार्गी

मला मुळात 'कचरा' म्हणण्यालाच हरकत आहे. उसाचं चिपाड घ्या. कारखाना तेच जाळून वाफ आणि वीज करतो, ग्रिडला विकतो. कडबा, कुटार जनावरं खातात. पाचट शेतातच कुजवा असं आता सगळे सांगतात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही टक्के शेतीतला जैवभार मिसळावा असं केंद्राचं धोरण आहे, त्यामुळे पेलेटवाले (जळणाच्या गोळ्या करणारे) पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या मागे लागलेत. प्रत्येक काडीला आधीच दावेदार आहे. मग आणखी एक भट्टी कशाला? कोळसा पाडला आहे तर जमिनीत घाला की. सेंद्रिय कर्ब वाढेल.

काळीमाती

सरळमार्गी भाऊ, दावेदार आहेत हे खरं, पण आमच्या बांधावर येऊन कोणी नेत नाही. पेलेटवाला म्हणतो कारखान्यात आणून टाका, तीही बारीक करून. उपटणी, कुट्टी, वाहतूक आमच्याच खिशातून. जाळण्यात मजा येते म्हणून कोणी जाळत नाही.

जुना_केमिस्ट

जमिनीत घालण्याबद्दल एक सावधगिरी. कोळशासोबतची राख अल्कधर्मी. विदर्भातली काळी जमीन आधीच साडेसात-आठ सामूची, तिला आणखी त्याच बाजूला ढकलून फारसा लाभ नाही. मालवणी भाऊंच्या जांभ्याच्या आम्ल जमिनीत तोच कोळसा जास्त गुण दाखवेल. शेणखताच्या खड्ड्यात मुरवून घातला तर काळ्या जमिनीतही चालेल, पण आधी एका कोपऱ्यात करून बघा.

शेतमजूर_संघटक

धाग्याच्या थोडं बाहेरचं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेत माणसं गेली, तेव्हापासून ऐकतोय की विष पोटात गेलं तर कोळसा पाजतात. असा ड्रममधला कोळसा फवारणीवाल्यांनी जवळ ठेवला तर?

जुना_केमिस्ट

कृपा करून नको. दवाखान्यात देतात तो औषधी दर्जाचा सक्रिय कार्बन असतो, विष पोटात गेल्यावर सुरुवातीच्या तासाभरातच त्याचा खरा उपयोग, आणि तोही डॉक्टरांच्या नजरेखाली. बेशुद्ध माणसाला पाजला तर फुप्फुसात जाऊन जीव जाईल. फवारणीतलं विष मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून जातं, त्यावर पोटातला कोळसा काय करणार? कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि डब्याच्या लेबलासकट दवाखाना गाठा.

विहिरीतल्या कीटकनाशकाचा विषय मात्र कार्बनचाच. पाण्यात न रमणारी औषधं कार्बनला चांगली चिकटतात. मोनोक्रोटोफॉससारखी पाण्यात सहज विरघळणारी तितकी नाहीत.

काळीमाती

समजा कंपनीनं बाहेरून तयार कार्बन आणून गावात फिल्टर बसवला, तर केवढा लागेल? वास आणि औषधांसाठीच म्हणतो मी. फ्लोराइडचं ताईंमुळे कळलं.

जुना_केमिस्ट

पाणी कार्बनच्या थरात किती वेळ राहतं त्यावर सगळं आहे. दहा मिनिटं तरी हवीत. म्हणजे एक लिटर कार्बनमधून तासाला सहाच लिटर पाणी घ्यायचं. मिनिटाला एक लिटरची बारीक धार हवी असेल तर दहा लिटर कार्बन. नळाला लावायच्या मुठीएवढ्या फिल्टरमधून धो धो पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा वास जातो हे खरं, पण कीटकनाशकांसाठी त्याच्यावर विसंबू नये.

आणि क्रम चुकवू नका. ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते ना, ते आधी. कार्बन नंतर, कारण तो क्लोरीनही खाऊन टाकतो. कार्बनच्या पुढे साठवलेल्या पाण्याला मग राखण उरत नाही, ते त्याच दिवशी संपवायचं.

रंगारी

आणि कार्बन संपल्यावर त्याचं काय, हे कोणीच विचारलं नाही अजून. आमच्याकडं ती खरी अडचण आहे. रंग धरून बसलेला कार्बन २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतो. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या सुविधेकडं पाठवायचा, नाहीतर सिमेंटच्या भट्टीला. वजनावर पैसे. आठशेच्या वर तापवून पुन्हा जिवंत करता येतो, पण ती भट्टी लहान माणसाला परवडत नाही. म्हणून काही बहाद्दर रात्री पोती ओढ्याकाठी सोडून जातात, आणि पहिल्या पावसाला धरलेला रंग परत पाण्यात. आमच्याकडं कार्बन कधीच पहिल्या टाकीत घालत नाहीत ते यासाठीच. आधी तुरटी-चुना, मग जैविक टाकी, मग वाळू आणि शेवटी कार्बन. आधीच घातला तर खळ आणि साबणानं दोन दिवसांत बुजतो आणि तेवढी पोती वाढतात.

काळीमाती

मंडळी, एवढं कोणी फुकटात शिकवत नाही. काल बैठकीत हा सगळा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं. हापशीच्या फिल्टरचा विषय बंद. गावातल्या तीन स्रोतांचं पाणी आधी तपासायला देणार. वाफेची भट्टी नाही, आम्लाचं पिंप गावात आणायचं नाही. पण पऱ्हाटी बांधावरच ड्रममध्ये जाळून कोळसा करायचा आणि कोळसाच वाहायचा, म्हणजे एका ट्रकमध्ये चार ट्रकांचा माल. तो कार्बनवाल्या कारखान्याला नमुना म्हणून पाठवणार. घेतला तर ठीक, नाहीतर चुलीच्या ब्रिकेट. आमच्या पोराला अजून वाटतं की रंगाच्या पाण्यावर आपला कोळसा थोडा तरी चालेल. त्याला तेवढं बघायचंय. रंगारी दादा, पाणी मिळेल का थोडं?

जुना_केमिस्ट

एक लक्षात घ्या, आम्लावरची पावडर कच्च्या भुशापासून होते, कोळसा केल्यावर ती वाट बंद. तुमचा कोळसा वाफवाल्याच्याच कामाचा. म्हणून नमुना पाठवताना दोन पिशव्या करा, एकीत कोळसा, दुसरीत नुसती कुटलेली पऱ्हाटी. दोन वेगळे गिऱ्हाईक आहेत ते. कोळशाच्या पिशवीवर ओल आणि राख किती ते लिहा. माती चिकटलेली मुळं कापून टाका, राख तिथूनच वाढते.

रंगारी

देतो की. पाच लिटरचा कॅन भरून ठेवतो, जैविक टाकीनंतरचं. कच्चं देत नाही, वाटेत कुजून एसटीत वास सुटेल. पोराला सांगा, कोळसा मैद्यागत बारीक वाटून घे, आधी साध्या पाण्यात धुऊन त्याचा काळेपणा काढ, नाहीतर रंग उतरला की कोळसाच मिसळला ते कळायचं नाही. एका बाटलीत माझ्याकडचा लाकडाचा पावडर कार्बन तेवढ्याच वजनाचा टाक आणि एक बाटली काहीच न घालता ठेव. तीनही शेजारी ठेवून फोटो इथे टाका.

पीएचडी_सुटेना

फोटो फिल्टर पेपरमधून गाळल्यावरचा. आणि कृपया मिथिलीन ब्लू नको.